बिनधुराचं लग्न

खुआंग युनलानला एवढंच हवं होतं, की मुलाच्या लग्नात कुणी सिगारेट ओढू नये. सकाळी अकरा ते दुपारी तीन, फक्त चार तास. माणसं विमानात चार तास बसतात, परीक्षेला तीन तास बसतात, आणि आजवर त्यामुळे कुणी दगावल्याचं तिच्या कानावर नव्हतं. पण झुझौ शहरातल्या इंजिन कारखान्याच्या वसाहतीत तिने हे बोलून दाखवलं, तेव्हा लोकांचे चेहरे असे झाले, जणू तिने लग्नात नवराच नको म्हटलं होतं.

कारण सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं कुणी. पण कारणच सांगायची सोय नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेल्या थान देगुआंग उस्तादच्या, उजव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. कॅन्सर. लग्नाच्या बारा दिवस आधी हे कळलं. आता हे वसाहतीत फुटलं असतं तर पहिलं वाक्य काय निघालं असतं, हे युनलानला आपल्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं: "बघा, नव्या सुनेचा पायगुण." मुलगी अजून उंबरठ्याच्या पलीकडे, आणि गाठीचं खापर तिच्या डोक्यावर. म्हणून दोघा नवरा-बायकोंनी ठरवलं, लग्न पार पडेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं. मुलालासुद्धा सांगायचं नाही.

सर्जन, डॉक्टर पेंग, फार थोडं बोलणारा माणूस. त्याने विचारलं, "दिवसाला किती?"

"दोन पाकिटं," देगुआंग म्हणाला. "सणाला थोडं जास्त."

"किती वर्षं?"

"त्रेचाळीस."

"न ओढणाऱ्यापेक्षा वीसपट, पंचवीसपट धोका असतो या रोगाचा. गाठ लवकर सापडली हे तुमचं नशीब. एकविसाव्या दिवशी कापू. तोवर एक झुरकासुद्धा नाही. ओढलीत तर कफ साठेल, ऑपरेशननंतर श्वासाच्या यंत्रावरून सुटणार नाही तुम्ही. मी हात लावणार नाही."

घरी येऊन युनलानने कागद घेतला. चौतीस वर्षं तिने आठवीला गणित शिकवलं होतं; दुःख झालं तरी ती आधी गुणाकार करायची. चाळीस गुणिले तीनशे पासष्ट गुणिले त्रेचाळीस. सहा लाख सत्तावीस हजार आठशे. तिने कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ, म्हाताऱ्या. हे तू छातीत भरलंस."

देगुआंगने चष्मा लावून आकडा नीट वाचला. "लीप वर्षं धरली नाहीस, खुआंग बाई," तो म्हणाला.

त्या रात्री ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. गाठीचा राग होताच, पण लीप वर्षं खरंच राहिली होती याचा जास्त.

मग झडती सुरू झाली. तांदळाच्या डब्यात एक पाकीट, सायकलच्या हँडलच्या पोकळ नळीत चार सिगारेटी गुंडाळून, बुलबुलच्या पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्राखाली सहा. कचरा टाकून यायला या माणसाला चाळीस मिनिटं लागायची. आता तीही कचऱ्याबरोबर जाऊ लागली. खालच्या मजल्यावरच्या ल्यावने हे पाहिलं. ल्याव म्हणजे देगुआंगचा कारखान्यातला मित्र, सल्ला द्यायला निवृत्त झालेला. त्याला एवढंच सांगितलं होतं की उस्तादला खोकला आहे.

"सोडायचीय ना? सुपारी चघळ," तो गालात सुपारी घोळवत म्हणाला. आमच्या हुनान प्रांतात प्रत्येक टपरीवर सुपारीची हिरवी पुडी लटकते, आणि प्रत्येक पुडीमागे एक ल्याव असतो. "मी सिगारेट निम्मी केली सुपारीने."

"आणि तोंड किती उघडतं आता?" युनलानने विचारलं.

ल्यावने उघडून दाखवलं. दोन बोटं मावतील एवढं उघडलं.

"त्याने बोलायला काही अडत नाही," तो म्हणाला, आणि ते मात्र खरं होतं.

घरात पहारा ठेवणं तिच्या हातात होतं. प्रश्न होता लग्नाचा. बावीस टेबलं, दोनशे वीस माणसं. आमच्याकडे टेबलावर खरबुजाच्या बिया, संत्री, मिठाई, आणि दोन पाकिटं सिगारेटी ठेवल्या नाहीत तर पाहुण्याला वाटतं आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नात आलो. आणि त्याहून वाईट ती रीत: नवरी प्रत्येक पुरुष पाहुण्याला स्वतःच्या हाताने सिगारेट पेटवून देते. पोरं काडी फुंकून विझवतात, ती पुन्हा पेटवते, सगळे खिदळतात. आणि पहिली सिगारेट सासऱ्याची. ती सासऱ्याने घेतली की सून घरात घेतली. नाही घेतली तर नाही घेतली. कुणी लावली ही रीत? ज्याने लावली त्याला समोर उभं करून युनलानने अंगठे धरायला लावले असते.

पाठीमागे सरकार असलं की लोक ऐकतात, असा तिचा एक गैरसमज होता. म्हणून ती गल्लीच्या रहिवासी समितीत गेली. शिक्का मारलेली पाटी मिळाली असती तर काम झालं असतं. समितीच्या भिंतीवर 'धूम्रपानमुक्त कार्यालय' असा पितळी फलक होता, आणि त्याच्या खाली बसून लोंग नावाचा कारकून सिगारेट ओढत होता. हा लोंग तिचाच विद्यार्थी. आठवीत दोनदा बसलेला.

"बाई! या, या." त्याने उठून खुर्ची दिली आणि सिगारेट मात्र विझवली नाही. "धूम्रपानमुक्त दाखला संस्थेला मिळतो. लग्न ही संस्था नाही."

"लग्न संस्था नाही?"

"कागदावर नाही. आणि संस्थेचीसुद्धा तीन महिने पाहणी होते. लग्न तीन महिने चालेल का?"

"लग्नाला नऊ दिवस राहिलेत, लोंग."

त्याने थोडा विचार केला. तो विचार करायचा तेव्हा त्याची जीभ बाहेर यायची, अजूनही आली. "'सुसंस्कृत विवाह' म्हणून एक दाखला आहे. त्यात 'अपव्यय व धूम्रपान टाळणे' असा मुद्दा घालता येतो. अर्जावर घराण्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या पुरुषाची सही हवी. मग शिक्का."

"सही आणते. शिक्का तयार ठेव."

"शिक्का आमच्या ऑफिसातल्या शेबाईंच्या खणात आहे. किल्ली साहेबांकडे. साहेब खाली सिगारेट ओढायला गेलेत."

ती चाळीस मिनिटं बसली. तेवढ्यात सात माणसं आली. प्रत्येकाने आधी लोंगसमोर सिगारेट धरली आणि मग कागद. प्रत्येकाचा कागद हलला. तिच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. तिने एक पुढे केली. लोंगने ती आदराने घेतली, खिशात ठेवली, आणि म्हणाला, "बाई, उद्या या."

आता वडीलधारा पुरुष म्हणजे कोण? सासू-सासरे गेलेले. उरला देगुआंगचा थोरला भाऊ, थान देहौ. वय एकाहत्तर, दिवसाला तीन पाकिटं, आणि बापाच्या जागी असल्याचा तोरा. युनलान अर्ज घेऊन त्याच्या घरी गेली तेव्हा तो गॅलरीत मिरच्या वाळत घालत होता आणि त्यांच्यावर राख पाडत होता.

त्याने अर्ज हातभर लांब धरून वाचला. "सिगारेट नाही? लग्नात?"

"भाऊजी, चार तास."

"आणि नवरी सासऱ्याला काय देणार? नमस्कार?"

"लॉलीपॉप," युनलान म्हणाली. हे तिने आणि होणाऱ्या सुनेने मिळून ठरवलं होतं. मानली नाव तिचं, शाळेत पोरांना कवायत शिकवायची. 'आईंना धुराचा त्रास होतो' एवढंच तिला सांगितलं होतं, आणि लांब दांडीचे तीनशे लॉलीपॉप आणायची कल्पना तिचीच होती.

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे, युनलान," देहौ म्हणाला. "मला लॉलीपॉप देणार?"

"दात नाहीत, चोखायला बरं."

हे बोलायला नको होतं, तिलाही कळलं. देहौचा चेहरा वाळत घातलेल्या मिरच्यांच्या रंगाचा झाला. "आमचे आजोबा एक्क्याण्णव वर्षं जगले. सकाळ-संध्याकाळ चिलीम."

"आणि तुमचे वडील?"

"बाबांचं काय?"

"किती वर्षं जगले?"

"अठ्ठावन्न."

"कशाने गेले?"

"खोकल्याने," देहौ म्हणाला, आणि खोकला.

या घराण्यात एक्क्याण्णवचा आजोबा प्रत्येक जेवणाला पंगतीत बसवतात आणि अठ्ठावन्नचा बाप कुणाला आठवत नाही. खोकल्याने गेले! चाळीस वर्षं भट्टीवर काम केलेला धडधाकट माणूस एका हिवाळ्यात काडीसारखा झाला, रक्त थुंकत गेला, आणि घरात नोंद काय, तर खोकला. युनलानच्या डोक्यात तिडीक गेली. खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पेन पुढे केलं. देहौने पेन घेतलं नाही. बोट आपटून सांगू लागला की सही इथे करणारा थान अजून जन्मायचा आहे, आणि त्याच हातातल्या सिगारेटचं टोक बरोबर सहीच्या रेघेवर टेकलं. अर्जाला बटणाएवढं भोक पडलं.

लोंगने दुसऱ्या दिवशी भोकातून तिच्याकडे पाहिलं. "बाई, जळका कागद दप्तरी घेता येत नाही."

मग तिने स्वतःच मोठ्या लाल कागदावर कुंचल्याने लिहिलं: 'कृपया सभागृहात धूम्रपान करू नये.' अक्षर फळ्यावरच्यासारखं, सरळ रेषेत. हॉटेलच्या मॅनेजरने पाटी दोन्ही हातांनी घेतली, वाखाणली, आणि लग्नाच्या दिवशी ती बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर लावलेली सापडली.

आदल्या संध्याकाळी मानलीच्या आईचा फोन आला. आवाज बर्फाचा. "विहीणबाई, सिगारेट नाही असं ऐकते. माझ्या मुलीच्या हातून तुमचे उस्ताद पहिली सिगारेट घेणार नाहीत?"

"घेतील, लॉलीपॉप घेतील."

"लॉलीपॉप," विहीण म्हणाली. "माझ्या मुलीत काही कमी दिसलं असेल तर आत्ता सांगा. माणसांसमोर सांगू नका."

युनलानने फोन ठेवला आणि भिंतीला एक चापट मारली. ज्या मुलीला बोल लागू नये म्हणून ती हे सगळं पोटात घालून फिरत होती, त्याच मुलीच्या आईला वाटत होतं की सासूलाच सून नको आहे. देगुआंग स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "सांगून टाकू या का?" तो म्हणाला.

"आणि मग जन्मभर लोकांना तिला अवलक्षणी म्हणू द्यायचं? तू फक्त उद्या तोंड बंद ठेव. बोलायलाही आणि ओढायलाही."

लग्नाच्या दिवशी ती हॉटेलात साडेनऊलाच पोचली, आणि काय बघते? बावीस टेबलांवर बावीस ताटल्या, प्रत्येकीत दोन पाकिटं.

"हे कुणी ठेवलं? मी नाही म्हटलं होतं!"

"पॅकेजमध्ये आहे," मॅनेजर म्हणाला. "मासा, डुक्कर, बदक, सिगारेट. एक काढलं तर पॅकेज मोडतं."

बोलण्यात अर्थ नव्हता. युनलानने कोपऱ्यातली लाल पिशवी उचलली आणि टेबलामागून टेबल पाकिटं भरत सुटली. सोळाव्या टेबलाशी पोचली तेव्हा तिने मान वर केली. दारात पहिले पाहुणे उभे होते. नवऱ्यामुलाची आई, जरीचं जाकीट, केसांत लाल फूल, लग्नाच्या टेबलांवरच्या सिगारेटी पिशवीत भरतेय, हे दृश्य त्यांनी डोळे भरून पाहिलं. अकरा वाजेपर्यंत ते सगळ्या हॉलभर झालं होतं. "परत विकणार म्हणे दुकानात." "मास्तरीणबाई ना, हात आखडता." चौतीस वर्षांत तिने कुणाची खडूची कांडी घरी नेली नव्हती. ती ताठ मानेने उभी राहिली आणि आतून जळत राहिली.

आणि उपयोग काय? टेबलावर सिगारेट नाही म्हटल्यावर प्रत्येकाने स्वतःची काढली. उलट दुपटीने काढली, कारण यजमानाकडे नाही तर शेजाऱ्याला आपण द्यायला हवी. साडेअकराला समोरच्या भिंतीवरचं शुभविवाहाचं मोठं सोनेरी अक्षर दिसेना. लॉलीपॉप पाहुण्यांच्या पोरांनी केव्हाच संपवले होते आणि आता ती दांड्यांनी तलवारबाजी खेळत होती. आणि देगुआंग! जो येई तो "अभिनंदन, उस्ताद!" म्हणून त्याच्यापुढे एक सिगारेट धरी. नाही म्हणणं म्हणजे अपमान. म्हणून तो ती घेऊन कानावर खोचायचा. एका कानावर एक, दुसऱ्यावर एक, मग वरच्या खिशात. युनलान मागे उभी राहून काढत होती आणि पुढे येणारे खोचत होते. एकदा तिने काढायला हात नेला तर त्याने ती नाकाखाली धरली होती, नुसती, डोळे मिटून.

"वास घेतोय फक्त," तो पुटपुटला.

"बारा दिवस काढलेस, म्हाताऱ्या. नऊ राहिलेत."

"मला मोजता येतं."

चहाचा विधी आला. मानली लाल पोशाखात वाकली, सासूला चहा दिला, सासऱ्याला चहा दिला, "आई", "बाबा" म्हणाली. युनलानने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात थोरले दीर उठले.

"चहा झाला," देहौ सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला. "आता घरची रीत." त्याने आपल्या पाकिटातली एक काढली, धाकट्या भावाच्या ओठांत स्वतःच्या हाताने ठेवली, आणि काड्यापेटी नवरीच्या हातात दिली. "लाव, पोरी. थानांच्या घरात ये."

टाळ्या पडल्या. मुलाचे मित्र फुंकर मारायला गोळा झाले. मानलीने युनलानकडे पाहिलं. पहिल्या टेबलावर तिची आई ओठ घट्ट मिटून बसली होती. देगुआंग सिगारेट ओठांत धरून बसला होता, ना थुंकता येत ना ओढता येत, आणि त्याचे डोळे बायकोकडे लागले होते.

युनलानने ती त्याच्या ओठांतून खेचली आणि स्वतःच्या तोंडात धरली. "लाव," ती मानलीला म्हणाली.

पहिली काडी पोरांनी विझवली, सवयीने. दुसरी विझवली. तिसरीला मानलीने त्यांच्याकडे पाठ केली आणि लावली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यातला पहिला झुरका युनलानने दोनशे वीस माणसांसमोर घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, गालावरची लाली हनुवटीपर्यंत. तिला कळेना, यासाठी? या घाणीसाठी हा माणूस आपला जीव द्यायला निघाला? हॉल मात्र खूश झाला. कुणीतरी शिट्टी मारली. ती खोकत खोकत खुर्चीत बसली आणि तिला वाटलं, निभावलं.

"सासूची झाली," देहौ म्हणाला, आणि दुसरी काढली. "आता सासऱ्याची."

देगुआंगचा हात उठला. युनलानने तो उठताना पाहिला. त्याने उचलला नव्हता; हात आपला आपण उठला, दोन बोटं फाकवून, जसा त्रेचाळीस वर्षं उठत आला होता. तिने ओरडायला तोंड उघडलं, समोर मानलीचा चेहरा दिसला, आणि तिने ते मिटलं.

देगुआंगने तो हात दुसऱ्या हाताने पकडला आणि मांडीखाली घालून त्यावर बसला.

"दादा," तो म्हणाला, "माझ्या फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर आहे. नऊ दिवसांनी कापणार आहेत. ओढली तर कापणार नाहीत."

कुठल्यातरी टेबलावर चमचा पडला. मुलगा आईकडे बघत राहिला. देहौची बोटं सिगारेटसकट हवेतच होती.

"आजच्या दिवशी?" तो शेवटी म्हणाला. "असं अभद्र, शुभकार्यात? नवी सून घरात पाऊल टाकतेय आणि..." आणि त्याने मानलीकडे पाहिलं. त्याच्यामागे सगळ्या हॉलने पाहिलं. हीच ती नजर. हिच्यासाठीच युनलानने बारा दिवस जीभ चावून धरली होती.

मानलीच्या हातात काड्यापेटी अजून तशीच होती. ती तिने सासऱ्याच्या उष्ट्या चहात बुडवली.

"थोरले काका," ती म्हणाली, मैदानावरच्या आवाजात, "मी आज सकाळी साडेदहाला या घराण्यात आले. बाबा किती वर्षं ओढतायत?"

"त्रेचाळीस," युनलान म्हणाली.

"मग ती गाठ काय माझ्या गाडीतून उतरली?"

मानलीची आई उठली, तिने आपल्या टेबलावरची राखेची ताटली उचलली आणि पालथी घातली. युनलानला सुनेचा मुका घ्यावासा वाटला, पण तोंडाला जळक्या चिंधीची चव होती.

खरी कमाल पुढेच झाली. हॉलमधल्या सगळ्यांनी सिगारेटी विझवल्या, खरंच विझवल्या. मग नवव्या टेबलावरून कारखान्यातला एक जुना फिटर उठला, डोळे पुसत पुढे आला, देगुआंगसमोर उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आणि त्याचा हात खिशात गेला, एक सिगारेट काढली, आणि दोन्ही हातांनी, मान झुकवून, पुढे केली. त्याच्यामागे ल्याव. ल्यावच्या मागे शेजारी, चुलत भाऊ, कारखान्यात एका पाळीत राबलेले सोबती. रांगच लागली. प्रत्येकाचे डोळे ओले, आणि प्रत्येकाच्या हातात सिगारेट. या माणसांना लग्नात हेच देता येत होतं, मयतात हेच, आणि कॅन्सर झालेल्या मित्रालाही हेच.

युनलानचा बांध फुटला.

"अरे, अक्कल कुठे गहाण टाकलीय?" ती ओरडली. केसांतलं फूल निसटून कानावर आलं होतं. "ज्याने गाठ झाली तेच त्याला देताय? वाईट वाटतंय ना तुम्हाला? मग नुसते या! रिकामे या! हात आहेत ना? सगळ्यांना दोन-दोन हात दिलेत!"

सगळे थबकले. एकेकाने हात खाली घेतले आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. कुणी ते मागे बांधले, कुणी बाह्या ओढल्या. शेवटी ल्यावने टेबलावरचं एक संत्रं उचललं आणि देगुआंगच्या मांडीवर ठेवलं. मग दुसऱ्याने ठेवलं. देगुआंग रडत होता आणि संत्री घरंगळू नयेत म्हणून गुडघे जुळवून बसला होता. देहौ तेवढा रांगेत आला नाही. तो बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

नऊ दिवसांनी ऑपरेशन झालं. देगुआंगने एक झुरका घेतला नव्हता. युनलानने डॉक्टरला ते खात्रीने सांगितलं, कारण कचरा टाकायलाही ती त्याच्याबरोबर जायची. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर मुलगा होता, मानली होती, आणि न बोलावता आलेला देहौ होता. पाच तास तो बाकाच्या टोकाला बसला. एकदाही बाहेर ओढायला गेला नाही. मधेच म्हणाला, "बाबांचा खोकला असाच होता, युनलान. रक्त पडायचं. मी बादली धुवायचो." तिने मान हलवली. ती त्याच्याशी अजून बोलत नव्हती.

दार उघडलं. डॉक्टर पेंग बाहेर आला, टोपी हातात, कपाळावर टोपीचा वळ. "गाठ पूर्ण निघाली," तो म्हणाला. "आसपास पसरलेली नाही. शुद्धीवर येतायत."

मानलीने युनलानला धरलं. देहौ उठला, डॉक्टरसमोर गेला, त्याला आभार मानायचे होते. त्याचा हात खिशात गेला. सिगारेट बाहेर आली, दोन्ही हातांत, मान झुकवून.

आणि डॉक्टर पेंगने ती घेतली. विचार न करता, दोन बोटांत, सफाईने. कानावर ठेवली.

तीन आठवडे युनलान रडली नव्हती. आताही रडली नाही. ती सर्जनसमोर जाऊन उभी राहिली. "हात पुढे," ती म्हणाली.

"काय?"

"हात पुढे कर!"

पंचेचाळीस वर्षांच्या मुख्य सर्जनने तळहात पुढे केला. हातमोज्यांची पांढरी पूड अजून बोटांच्या बेचक्यांत होती. तिने त्याच्या कानावरची सिगारेट काढली, त्या तळहातावर ठेवली, आणि म्हणाली, "याच हाताने आत्ता काय काढलंस?"

तो तळहाताकडे बघत राहिला. मग अगदी हळू, आठवीतल्या पोराच्या आवाजात म्हणाला, "सुटत नाही हो, बाई."

कुणावर रागवायचं हे युनलानला ठरवता येईना, तेव्हा तिने सगळ्यांवरच रागवायचं ठरवलं, आणि सुरुवात जवळच्यापासून केली.

"भाऊजी," ती वळून म्हणाली, "खिसे उलटे करा. आणि उद्या सकाळीच या इथे. तुमच्या छातीचाही फोटो काढायचाय."

देहौने खिसे उलटे केले.